महिन्याचा आकडा आणि बारा महिन्यांचा रस्ता

छोट्या शहराचा अपघातांचा मासिक तक्ता एका पानात बसतो. एकूण अपघात, प्राणांतिक अपघात, मृत, गंभीर जखमी, किरकोळ जखमी, आणि अगदी उजवीकडे तो रकाना, जिथे सगळ्यांची नजर आधी जाते: मागच्या महिन्याच्या तुलनेत वाढ किंवा घट, टक्क्यांमध्ये. मी असे तक्ते बरीच वर्षं वाचत आलेय. एकदा सवय लागली की सोडवत नाही, कारण त्या रुक्ष दिसणाऱ्या ओळींमध्ये माणसं असतात. पण उजवीकडच्या त्या रकान्यावर माझा राग आहे, आणि तो का आहे हे एकदा नीट लिहून काढावं असं किती दिवस मनात होतं.

मागच्या महिन्यात एक मृत्यू, या महिन्यात तीन. तक्ता म्हणतो, २०० टक्के वाढ. लगेच बातमी येते, बैठक बोलावली जाते, मोहीम जाहीर होते, चौकाचौकात हेल्मेटची आणि कागदपत्रांची तपासणी सुरू होते. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा एक मृत्यू. तक्ता म्हणतो, ६७ टक्के घट. मग मोहीम यशस्वी झाल्याचं सांगितलं जातं, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि तपासणी बंद होते. या दोन महिन्यांत रस्ता बदललेला नसतो. चौक तोच, वळण तेच, गाड्यांचा वेग तोच.

मोठ्या महानगरात महिन्याला शेकड्यांनी अपघात होतात, तिथे आकडा थोडाफार स्थिर राहतो. छोट्या शहरात आकडे लहान असतात आणि लहान आकडे नुसत्या योगायोगानेही उड्या मारतात. समजा, एखाद्या शहरात महिन्याला सरासरी दोन गंभीर अपघात होतात आणि वर्षभर काहीच बदलत नाही. तरीही हिशेब सांगतो की वर्षातले एक-दोन महिने पूर्ण कोरे जातील आणि एक-दोन महिन्यांत चार किंवा त्याहून जास्त अपघात होतील. कोऱ्या महिन्याचं श्रेय कुणाचं नाही आणि चारच्या महिन्यात अचानक काही बिघडलेलंही नाही. दोन्ही एकाच धोक्याची रूपं आहेत.

हा हिशेब आजचा नाही. सिमेआँ प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाने तो १८३७ मध्ये मांडला, आणि १८९८ मध्ये लाडिस्लाउस बोर्टकिएविच या संख्याशास्त्रज्ञांनी तो खऱ्या मृत्यूंवर लावून दाखवला. प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने किती सैनिक मरतात, याच्या वीस वर्षांच्या नोंदी त्यांनी घेतल्या. त्यातल्या दहा तुकड्यांचा हिशेब आजही शिकवला जातो. दहा तुकड्या, वीस वर्षं, म्हणजे २०० नोंदी. त्यांपैकी १०९ नोंदींत एकही मृत्यू नाही, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, तीन नोंदींत तीन आणि एका नोंदीत तब्बल चार. एकूण १२२ मृत्यू. ज्या तुकडीत त्या वर्षी चार सैनिक गेले, तिथल्या अधिकाऱ्याला काय काय ऐकावं लागलं असेल याची कल्पना करा. पण हे आकडे निव्वळ योगायोगातून अपेक्षित असलेल्या आकड्यांशी जवळजवळ तंतोतंत जुळत होते. चारच्या त्या नोंदीचं वेगळं स्पष्टीकरण शोधायची गरजच नव्हती.

इथे एक गैरसमज होऊ शकतो, आणि तो झाला तर माझं सगळं लिहिणं वाया जाईल. ‘योगायोग’ म्हटलं की काही जणांना हात झटकायला निमित्त मिळतं. मग आपण काय करणार, नशीबच ते. पण हिशेब असं म्हणत नाही. महिन्याला सरासरी दोन हे कुणी ठरवलं? ते योगायोगाने ठरलेलं नाही. ते रस्त्याच्या रुंदीने, गाड्यांच्या वेगाने, अंधाराने, नसलेल्या पदपथाने ठरलेलं आहे. कुठला महिना कोरा जाणार आणि कुठल्यात चार होणार, एवढंच योगायोगाच्या हातात असतं. वर्षाकाठी साधारण किती घरांवर कुऱ्हाड कोसळणार, हे रस्ता ठरवतो, म्हणजे आपण ठरवतो. आणि आपण मात्र बैठकीचा सगळा वेळ योगायोगाच्या हातातल्या भागावर घालवतो.

वाईट महिन्यानंतर सुरू झालेली मोहीम जवळजवळ नेहमीच यशस्वी ठरते, यामागचं कारणही हेच. आकडा सरासरीच्या खूप वर गेला की पुढे तो आपोआप खाली येण्याचीच शक्यता जास्त असते. त्या वेळी फलक लावले असले तर फलकांना श्रेय, तपासणी केली असली तर तपासणीला. टोरंटो विद्यापीठातले एझ्रा हाउअर यांनी आयुष्याचा मोठा भाग याच प्रश्नाला दिला: सगळ्यांत वाईट वर्ष पाहून निवडलेल्या चौकात सुधारणा केली, आणि नंतर अपघात घटले, तर त्यातली किती घट सुधारणेची आणि किती तशीही झाली असती? त्यासाठी त्यांनी जी पद्धत रुजवली तिचं सार सोपं आहे. एकट्या चौकाच्या आकड्यावर विसंबू नका; तशाच इतर चौकांची सरासरी सोबत धरा आणि दोहोंचा मेळ घालून त्या चौकाचा खरा धोका काढा. आज अनेक देशांतले रस्ते-अभियंते हीच पद्धत वापरतात. छोट्या शहरांच्या बैठकांपर्यंत मात्र ती पोहोचलेली मला दिसलेली नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण खोट्या यशाचा फटका पुढे बसतो. जो उपाय चाललाच नव्हता तोच पुन्हा पुन्हा केला जातो, आणि ज्या उपायाने खरंच जीव वाचले असते त्यासाठी पैसा आणि उत्साह उरत नाही.

महिन्याचं मापही तसं ओबडधोबड आहे. फेब्रुवारीत दिवस कमी, म्हणून अपघात कमी. एका महिन्यात चार शनिवार येतात, दुसऱ्यात पाच, आणि शनिवारच्या रात्रींचा आकड्यांवर चांगलाच परिणाम होतो. कोरड्या दिवसांनंतर पडणारा पहिला पाऊस जास्त घातक, कारण रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ यांचा पातळ चिखल होतो. पाऊस रोजचा झाला की तेल धुऊन जातं आणि लोकही सावरतात. उत्तरेकडच्या देशांत शरद सरता सरता दिवस लहान होतात, कामावरून परतायची वेळ अंधारात येते आणि पादचाऱ्यांचे मृत्यू वाढतात. म्हणून ऑक्टोबरची तुलना सप्टेंबरशी करणं चुकीचंच. तुलना करायची तर आधीच्या वर्षांच्या ऑक्टोबरांशी, किंवा त्याहून बरं म्हणजे सरत्या बारा महिन्यांची बेरीज आणि तीन-पाच वर्षांची सरासरी. महिन्याला दोन असतील तर तीन वर्षांत ७२ होतात, आणि ७२ मध्ये योगायोगाने साधारण आठ-नऊचा चढउतार होतो. एवढ्या बेरजेवर निदान काही बोलता येतं.

आणखी एक गोष्ट तक्त्यात दिसत नाही. अपघातानंतर तीस दिवसांच्या आत जीव गेला तर तो रस्त्यावरचा मृत्यू धरायचा, ही व्याख्या जगभर बऱ्यापैकी मान्य आहे. म्हणजे महिना संपल्याबरोबर छापलेला आकडा अपुरा असू शकतो. अतिदक्षता विभागात झुंजणारा कुणीतरी ‘गंभीर जखमी’ या रकान्यात असतो आणि तीन आठवड्यांनी त्याला डावीकडच्या रकान्यात हलवावं लागतं. ते हलवणं बऱ्याचदा कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण तोवर सगळे पुढच्या महिन्याच्या तक्त्याकडे वळलेले असतात. उलटंही होतं: जवळ चांगलं रुग्णालय झालं की मृत्यू घटतात, अपघात तेवढेच राहतात, आणि रस्ता सुधारल्याचा भास होतो. सायकलवरून एकटाच पडलेला, खुब्याचं हाड मोडलेला माणूस थेट रुग्णालयात जातो. पोलिसांच्या नोंदीत तो येतच नाही.

खरे बदल होतच नाहीत असं नाही. ३ सप्टेंबर १९६७ रोजी स्वीडनने एका पहाटे गाड्या डावीकडून उजवीकडे नेल्या. सगळ्यांना वाटलं, हाहाकार होणार. झालं उलटं: अपघात लक्षणीय घटले, कारण प्रत्येक जण डोळ्यांत तेल घालून गाडी चालवत होता. मग ती भीती ओसरली आणि साधारण दोन वर्षांत आकडे जुन्या पातळीवर परतले. २०२० मध्ये अमेरिकेत साथीमुळे रस्ते ओस पडले, गाड्यांचा एकूण प्रवास दहा टक्क्यांहून जास्त घटला, आणि मृत्यू मात्र सुमारे ३६ हजारांवरून सुमारे ३९ हजारांवर गेले. रिकाम्या, रुंद रस्त्यांनी उरलेल्यांना वेग दिला. या दोन गोष्टी मला नेहमी एकत्र आठवतात. माणसाची सावधगिरी टिकत नाही. पण रुंद रस्ता जो वेग सुचवतो तो मात्र टिकून राहतो.

तक्त्याच्या तपशिलात कारणाचाही रकाना असतो, आणि त्यात बहुतेक वेळा एकच गोष्ट भरलेली असते: चालकाचा निष्काळजीपणा. ते खोटं नसतं. पण निष्काळजी माणसं शहरभर सारखीच विखुरलेली असताना अपघात मात्र ठरावीक चौकातच का होतात, याचं उत्तर त्या रकान्यात मिळत नाही. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये मान्य केलेलं धोरण इथूनच सुरू होतं. माणूस चुकणार हे गृहीत धरा आणि त्या चुकीची शिक्षा मृत्यू असणार नाही असा रस्ता बांधा. मला यात मोठी करुणा दिसते. रस्त्यावरच्या अपघातांत जगभर वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मरतात, आणि ५ ते २९ या वयातल्यांच्या मृत्यूचं ते पहिल्या क्रमांकाचं कारण आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच वर्षांच्या मुलाच्या निष्काळजीपणाला काय शिक्षा असावी?

तक्त्यात वारंवार नाव येणाऱ्या चौकात मी जाऊन उभी राहते. कडेला, गाड्यांच्या वाटेत न येता, नुसतं बघत. सुरुवातीला काहीच कळत नाही. रहदारी म्हणजे नुसता आवाज. मग हळूहळू नजर बसते. दुभाजकाच्या टोकाला काचेचा चुरा साठलेला असतो, केशरी प्लास्टिकचे तुकडे, कुणाच्या तरी इंडिकेटरचे. कडेच्या दगडावर एकाच उंचीवर काळे ओरखडे. डांबरावर टायर घासल्याच्या दोन समांतर रेघा, अर्ध्यातच थोड्या वाकड्या झालेल्या. कोपऱ्याला अगदी चिकटून एक उंच गाडी लावलेली असते, आणि पादचारी त्या गाडीच्या नाकाआडून डोकं पुढे काढून बघतात. मोठी माणसं मान पुढे काढतात. लहान मुलांना मान पुढे काढून काही दिसत नाही, त्यांना दोन पावलं रस्त्यातच टाकावी लागतात. तेवढ्यात वळणारी गाडी येते, करकचून ब्रेक लागतो, मूल मागे सरतं, चालक काहीतरी ओरडतो आणि सगळं पुन्हा सुरळीत. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं म्हणून लोक पुढे जातात. थोड्या वेळाने तेच, त्याच जागी, दुसऱ्या मुलाबरोबर.

या ब्रेकची नोंद कुठल्याच तक्त्यात नाही. पण ती ठेवता येते. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात क्रिस्टर हिडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी पद्धतच तयार केली. प्रशिक्षित निरीक्षक चौकात उभे राहतात आणि थोडक्यात टळलेले प्रसंग टिपतात: कुणी तरी ब्रेक मारला किंवा बाजूला झालं त्या क्षणी वेग किती होता, आणि तसं केलं नसतं तर धडक व्हायला किती सेकंद उरले होते. चौकात काही दिवस उभं राहिलं की असे पुरेसे प्रसंग हाती लागतात. त्याच चौकातल्या मृत्यूंवरून धोका ओळखायचा तर अनेक वर्षं थांबावं लागेल, आणि तेवढी माणसं मरू द्यावी लागतील. हा दुसरा मार्ग आपण मुकाट्याने पत्करलाय, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

दुसरं मोजण्यासारखं म्हणजे वेग. कोरड्या रस्त्यावर, चालकाला भानावर यायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ताशी ५० ची गाडी पहिल्या सेकंदातच जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे तीसची गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथे पन्नासच्या गाडीच्या चालकाचा पाय अजून ब्रेकवर पडलेलाही नाही. त्या जागी मूल असेल तर त्याला पूर्ण पन्नासचा फटका बसतो, आणि त्या फटक्यातली ऊर्जा तीसच्या पावणेतीन पट असते. मी हा हिशेब केला तेव्हा कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. वीस किलोमीटरचा फरक काट्यावर क्षुल्लक दिसतो.

गोरान निल्सन या स्वीडिश संशोधकाने वेग आणि मृत्यू यांचा संबंध आकड्यांत बांधला. सरासरी वेग एक टक्का वाढला की प्राणांतिक अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असं त्याचं ढोबळ सार. छोट्या शहरासाठी याचा उपयोग फार मोठा आहे, आणि त्याकडे कुणी लक्ष देत नाही. मृत्यू महिन्याला एक-दोन, म्हणून त्यांच्यावरून काही कळत नाही. पण एका रस्त्यावरून महिन्याला हजारो गाड्या जातात, आणि प्रत्येकीचा वेग मोजता येतो. हा आकडा योगायोगाने उड्या मारत नाही. या महिन्यात सरासरी वेग खरोखर उतरला असेल तर तो उतरलेला स्पष्ट दिसेल, आणि त्याचं श्रेय कुणाला द्यायचं हेही कळेल. मासिक बैठकच घ्यायची असेल तर तिच्यासाठी हा आकडा हवा.

अशा वाटेने गेलेली लहान शहरं आहेत. अमेरिकेतलं होबोकेन, जेमतेम साठ हजार वस्तीचं, दाट आणि गजबजलेलं. तिथे चौकाच्या कोपऱ्यापासून काही अंतरात गाडी लावायला जागाच ठेवली नाही. नुसता नियम नाही, तर खांब, कुंड्या, सायकल लावायचे स्टँड ठेवून तो कोपरा अडवला, म्हणजे वळणाऱ्याला पादचारी दिसतो आणि पादचाऱ्याला गाडी. २०२२ मध्ये वेगमर्यादा ताशी २० मैलांवर आणली. जानेवारी २०१७ नंतर सात वर्षांहून जास्त काळ तिथे रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. महिन्याचा कोरा आकडा योगायोगाने येतो. ऐंशीहून जास्त महिने ओळीने कोरे गेले तर त्याला योगायोग म्हणता येत नाही. स्पेनमधलं पोंतेवेद्रा, ऐंशी हजारांच्या आसपास वस्ती. १९९९ पासून मिगेल आन्शो फर्नांडिस लोरेस महापौर आहेत. त्यांनी शहराच्या मध्यातून बाहेरच्या गाड्यांची ये-जा काढून टाकली आणि रस्ते चालणाऱ्यांच्या हवाली केले. कार्मेल या अमेरिकी शहराने एकामागून एक सिग्नल काढून दीडशेहून जास्त गोल चौक बांधले. चार रस्त्यांच्या साध्या चौकात गाड्या एकमेकींना छेदण्या-भिडण्याच्या ३२ जागा असतात, गोल चौकात ८, आणि त्या आठही ठिकाणी वेग आपसूकच कमी झालेला असतो.

प्रत्येक शहराने यांचंच अनुकरण करावं असं नाही. गोल चौकाला जागा लागते, दाट वस्तीत ती नसते. नुसते स्पीडब्रेकर टाकून काम झालं असं मानणं मला पटत नाही; चुकीच्या उंचीचे, रंग उडालेले स्पीडब्रेकर दुचाकीवाल्यांना पाडतात. पण कोपरा मोकळा करायला काय लागतं? रंग, चार खांब, आणि कोपऱ्यावर रोज गाडी लावणाऱ्याची नाराजी सोसायची तयारी. ही तिसरी गोष्टच सगळ्यांत दुर्मिळ, असं माझं मत झालंय.

मला हवा असलेला तक्ताही एका पानातच बसेल. वर, सरत्या बारा महिन्यांची बेरीज आणि पाच वर्षांची सरासरी. मागच्या महिन्यांचे आकडे नंतर आलेल्या मृत्यूंसह दुरुस्त केलेले. रुग्णालयातून आलेले जखमी वेगळ्या ओळीत. पाच-सहा मुख्य रस्त्यांवरचा मोजलेला सरासरी वेग. त्याखाली ठिकाणांची यादी, वारंवार नाव येणारे चौक, आणि प्रत्येकापुढे तीन रकाने: तिथे जाऊन कोणी पाहिलं, काय दिसलं, आणि कोणत्या तारखेला काय बदललं. टक्क्यांचा रकाना नको. त्या जागेत हा तारखेचा रकाना बसतो, आणि तो सलग तीन महिने कोरा राहिला तर बैठकीत त्याचा जाब विचारता येतो.